मोठा पट्टा

एकदा कान दुखतो म्हणून गेले, तरी डॉक्टर म्हणाले, "आधी वजन कमी करा." कानाचं वजन असतं तरी किती? तेव्हापासून दवाखाना म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण मी बस चालवते, आणि रक्तदाब जास्त निघाल्यावर मला स्टिअरिंगवरून उठवून डेपोच्या चौकशी खिडकीत बसवलं होतं. या तपासणीत डॉक्टरांची सही मिळाली नाही तर मी कायमची त्या खिडकीत. बस म्हणजे माझा जीव की प्राण, हे दवाखान्यात कुणाला सांगणार?

सिस्टरने दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि मशीनचं बटण दाबलं. हवा भरताच पट्टा चर्रकन सुटला. मग नेहमीप्रमाणे तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. दंड असा आवळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आकडा पुन्हा चढलेलाच.

"गोळ्या वाढवूनही हे?" डॉक्टरांनी मान हलवली. "तोंडावर ताबा नाही तुमचा."

"गोळ्या वाढवल्यापासून उठलं की चक्कर येते मला."

"वजनामुळे."

झालं! शेजारी बसलेल्या नवऱ्याने माझी बाही हळूच ओढली. म्हणजे, गप्प बस. मी कसली गप्प बसतेय.

"डॉक्टर, उंच ड्रायव्हर आला तर आम्ही सीट मागे सरकवतो. त्याला पाय कमी करून ये म्हणत नाही. हा पट्टा मला पुरत नाही, दिसतंय ना? मोठा नाही का तुमच्याकडे?"

सिस्टरचा चेहरा उतरला. तिने कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक मोठा पट्टा काढला.

"हा होता आपल्याकडे?" डॉक्टरांनी विचारलं.

"होता. त्यावर 'अतिमोठा' असं छापलंय. मागे एका बाईंना लावला, तर ते वाचून त्या रडल्या आणि परत आल्याच नाहीत. म्हटलं, उगाच कुणाचं मन कशाला दुखवा."

मला हसूही आलं आणि संतापही. "अगं बाई, माझं मन जपायला माझी बस काढून घेतलीस!"

मोठा पट्टा कुठेही न आवळता बसला. वरचा आकडा आला एकशे चार. डॉक्टरांनी स्वतः दुसऱ्या दंडाला लावून पाहिला. तिथेही जवळपास तेवढाच.

"लहान पट्ट्याने आकडा उगाच चढतो," ते हळू म्हणाले. "हे मी शिकलोय. पण तुम्हाला पाहूनच ठरवून टाकलं की जास्तच असणार. चक्कर माझ्या गोळ्यांची आहे. माझं चुकलं."

डॉक्टरला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. नवऱ्याने बाही सोडली.

पुढच्या काही आठवड्यांत गोळ्या कमी करत करत बंद झाल्या, मोठ्या पट्ट्याने पुन्हा पुन्हा मोजून घेतलं, आणि आकडा ठीकच राहिला. शेवटच्या तपासणीला सही मिळाली. मी उठणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर वजनाबद्दल थोडं बोलायचं का? आज नको असेल तर नको."

इतक्या वर्षांत सगळ्यांनी मला सांगितलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं. मी परत बसले. उपाशी राहून उतरवलेलं वजन व्याजासकट परत येतं, ब्रेक दाबताना गुडघा ठणकतो, लोकांसमोर घास घ्यायची लाज वाटते, सगळं सांगितलं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. लाजेचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"हा आळस नाही, आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "यावर उपचार आहेत. कुठून सुरुवात करायची ते तुम्ही सांगा."

"गुडघ्यापासून," मी म्हटलं. "बस चालवायचीय मला."

सोमवारी सकाळी मी भरलेली बस घेऊन दवाखान्यासमोरच्या रस्त्याने निघाले. दवाखान्याच्या फाटकावर हॉर्न वाजवू नये अशी पाटी आहे. मी वाजवला. खिडकीत सिस्टर दिसली, दोन्ही हात वर करून हलवत होती.

"ताई, इथे हॉर्नला मनाई आहे," मागून एक आजोबा ओरडले.

"माहितीय, आजोबा," मी म्हटलं, आणि आणखी एकदा दाबला.