जावयाचा चहा आणि बॅटरीचं पाणी

मी बॅटरी बोलतेय. हातात धरायची न्हाई, ट्रकमधली. दोघांनी मिळून उचलायची आणि उचलताना दोघांनी एकमेकाला शिव्या द्यायच्या, असं माझं वजन. डोक्यावर सहा बुचं आहेत, म्हणजे सहा तोंडं. सहा असून एकातूनही बोलता येत न्हाई. तुमचं एकच आहे, पण ते मिटत न्हाई. आज माझं ऐका.

माझ्या अंगावर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. मी शाळा बघितली न्हाई, अन् ज्यांनी मला विकत घेतलं ते माझ्याहून दोनच इयत्ता पुढं. म्हणून माझं नाव मला अजून ठाऊक न्हाई.

पाच वर्षं मी ट्रकमध्ये काढली. मग वारंगा फाट्यावर शेषरावच्या दुकानात आले. शेषराव जुनी बॅटरी पुसून, तेल लावून, नवरीवानी मांडून ठेवायचा. तिथून मला गोपीचंदनं नेलं. साल दोन हजार चार.

गोपीचंद तांड्यावरचा. थंडी सरली की तो अन् त्याची बायको नानीबाई वसमतकडं हळद शिजवायला निघायचे. ट्रॅक्टरची ट्रॉली, वर पत्रा, बाजूनं ताडपत्री, हेच तीन महिन्यांचं घर. ट्रॅक्टरवाला ट्रॉली शेताच्या कडेला सोडून निघून जायचा. ट्रॉलीला इंजिन न्हाई, मला पाय न्हाईत. आमचं बरं जमलं.

शेतात घरासाठी लाईट न्हाई. विहिरीवरची मोटर चालायची ती लोडशेडिंगवाल्यांच्या मर्जीनं. आलेलं पाणी आधी हळदीच्या कढईला. कढई पीत राहायची घागरीवर घागरी, अन् माणसं मोजायची तांब्या. नानीबाई राखेनं भांडी घासायची, एका तांब्यात सगळी विसळायची. तांदूळ धुतलेलं पाणी शेळीला. अंघोळ घमेल्यात उभं राहून, अन् त्याच पाण्यात मग कपडे. त्या पाण्यानं तीन जन्म घेतल्याशिवाय जमिनीला टेकायचं न्हाई.

उजेडाचा कंजूष गोपीचंद. माझ्यावर एकच दिवा, तोही जेवणापुरता. अर्धी भाकर झाली की हा बटण बंद करायचा.

"अवो, दिसून न्हाई राहिलं!" नानीबाई ओरडायची.

"तोंड कुठंय ते पन्नास वर्षांत कळलं न्हाई व्हय तुला?"

मग अंधारात कोणीतरी त्याच्या ताटातली चटणी पळवायचं. मी आतल्या आत हसायचे.

दोन हजार सातच्या मार्चात त्यांचा जावई पुनमचंद आला. लेक निलमचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण तिचं माहेर पडलं ट्रॉलीत. म्हणून ती हिंगोलीकडच्या गोरेगावला सासरीच राहिली. पुनमचंदनं एक मोबाईल आणला होता.

"मामी, हा चालू ठेवा. पोटात दुखायला लागलं की मी बूथवरून लावतो. तिला भीती वाटून राहिली. म्हणते, आई असली तरच."

"घंटी वाजली की निघते बघ."

जावई आला म्हणजे चहा आलाच. पण मोटरची लाईट दोन दिवस गायब, ड्रमाच्या तळाशी नुसता गाळ. गोपीचंद कढईकडं. नानीबाई कावरीबावरी होऊन ट्रॉलीत शिरली अन् तिला अंथरुणाखाली पांढरी कॅन सापडली. आत काचेसारखं पाणी.

ते माझं पाणी होतं. बॅटरीचं. क्षार काढलेलं, शेषरावकडून आणून गोपीचंदनं जपून ठेवलेलं.

"मेल्यानं दाढीला लपवून ठेवलंय," ती पुटपुटली अन् आधण ठेवलं.

जावई म्हणाला, "मामी, आज चहा झकास झाला."

होणारच. माझ्या तोंडचा होता.

दुसऱ्या दिवशी मोटर चालू झाली. नवरा ओरडायला नको म्हणून तिनं कॅन विहिरीच्या पाण्यानं भरून जागच्या जागी ठेवली. त्या विहिरीच्या क्षाराच्या पाण्यानं पातेल्यात पांढरा थर धरायचा; मला ते विषच. चारेक दिवसांनी गोपीचंदनं माझी बुचं काढली.

"पी म्हातारे, लेकीचा फोन यायचाय."

सहाच्या सहा तोंडांत त्यानं ते ओतलं. मी काय करणार? थुंकता येत न्हाई मला.

पुढं दोघांनी दिवा कायमचा बंद केला. सगळा करंट मोबाईलला. गोपीचंद कोरड्या भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणायचा, "नातवाला सांगेन, तुझ्यासाठी आंधळ्यावानी जेवलो." ते वाचवत होते अन् मी आतून सडत होते. चार्जिंगसाठी मला फाट्यावर नेलं, तरी दुसऱ्या दिवशी मी रिकामी. मोबाईलला मी रोज थोडं कमी द्यायचे, अन् ते फक्त मलाच ठाऊक.

ते पाणी ओतल्यापासून नवव्या दिवशी भर दुपारी घंटी वाजली. हळदीच्या वाफेतून नानीबाई धावत आली.

"मामी, निलमला हिंगोलीला घेऊन चाललोत. डॉक्टर म्हणतात की..."

मोबाईल मेला.

गोपीचंदनं वायरी माझ्या डोक्याला टेकवल्या. काढल्या, खरवडल्या, पुन्हा टेकवल्या. मी होतं नव्हतं ते लावलं. देवाशपथ लावलं. पण काहीच न्हाई.

"नवीन पाणी घातलं होतं की!" तो म्हणाला.

नानीबाईनं अंथरुणाखालची कॅन ओढून काढली. "ते म्या जावयाच्या चहाला घातलं. कॅनमधी विहिरीचं भरलं."

गोपीचंदला आधी मस्करीच वाटली. "म्हणून तर पुनमचंदला चहा..." असं काहीतरी तो हसून बोलायला लागला. तिच्या तोंडाकडं बघितलं अन् हातातल्या वायरी खाली ठेवल्या. अख्ख्या जिंदगीत त्याची मस्करी अर्ध्यात राहिलेली मी ती एकच बघितली.

"डॉक्टर काय म्हणतात?" ती मलाच विचारत होती, माझ्यावर हात ठेवून. मग उठली, अन् हळदीच्या पिवळ्या हातांनी, चप्पल न घालता सडकेकडं पळाली. हिंगोलीची एसटी धरायला.

दुसऱ्या दिवशी गोपीचंदनं मला शेषरावच्या दुकानात आणून टाकलं.

"काहून गप गप?" शेषरावनं विचारलं. "कोणाची मस्करी न्हाई आज?"

"हॉटेलात मोबाईल चार्ज करून जावयाच्या बूथला लावून राहिलो. कोणी उचलूनच न्हाई राहिलं." एवढं बोलून तो हिंगोलीच्या जीपमध्ये बसला.

तेव्हापासून मी इथं भंगाराच्या ढिगावर आहे. बुचं निघाली, सहाही तोंडं उघडी, त्यात धूळ जाते. शेषराव म्हणतो, गाडी भरली की मला वितळवायला नेणार. त्याचं दुःख न्हाई. वितळून कुठं ना कुठं बसेन, कोणाची तरी दोन वर्षं मस्करी ऐकीन.

पण तुमी त्या बाजूला जाणार असाल तर गोरेगावला पुनमचंदचं घर विचारा. आत जाऊ नका. दांडीवर दुपटी वाळत घातली असतील का, तेवढं लांबूनच बघा. अन् या वाटेनं परत येताना मला सांगा.

गाडी अर्धी भरलीय. जरा लवकर या.