सोमेश हलला नाही

कुवेंपुनगरातल्या घरी सिंधू सकाळी डबा भरता भरता लॅपटॉपवर कालच्या सरावाची चित्रफीत पुन्हा बघत होती. बघता बघता तिचा हात थांबला.

दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी जंगलातून आणलेल्या हत्तींना आधी तोफांच्या आवाजाची सवय लावतात. त्या आवाजाचा त्यांच्यावर किती ताण येतो, हे सिंधू तपासत होती. तिचा प्रोग्रॅम चित्रातल्या हत्तीच्या कानांवर, सोंडेवर, पायांवर ठिपके ठेवून त्याची हालचाल मोजायचा. हालचाल जास्त म्हणजे ताण जास्त, असा तिचा हिशेब. त्या हिशेबाने सगळ्यांत शांत ठरला सोमेश, यंदा पहिल्यांदाच आलेला तरणा हत्ती. तिचा अहवाल वाचून पशुवैद्य डॉ. वनजांनी आजच्या सरावात त्याला तोफांजवळ, पहिल्या रांगेत उभं करायचं ठरवलं होतं.

आता सिंधूने ठिपके काढून नुसता हत्ती पाहिला. तोफ उडण्याआधी तो गवत चघळत होता. नंतर ते गवत तोंडातच लोंबत राहिलं. शेजारचे हत्ती दचकले, त्यांनी कान फडफडवले आणि पुन्हा खायला लागले. सोमेशचा कानही हलला नाही, की त्याने घासही गिळला नाही.

"हा शांत कुठला! हा भीतीने थिजलाय," ती पुटपुटली.

"काय झालं गं?" शिलाईच्या दुकानात निघालेल्या तिच्या वडिलांनी, श्रीनिवासरावांनी विचारलं.

"अप्पा, माझ्या हातून मोठा घोळ झालाय. स्कूटरची किल्ली द्या आधी."

"तिंडी तरी खाऊन जा."

"बेडा, नको अप्पा, वेळ नाही!"

डॉक्टर फोन उचलत नव्हत्या. प्रत्येक सिग्नलला सिंधूचा जीव टांगणीला लागत होता. कान राजवाड्याच्या दिशेने लागलेले. आवाज आला तर संपलंच.

ती पोचली तेव्हा तोफा सज्ज होत्या. दोरीपलीकडे शाळेची मुलं बसली होती, आणि त्यांच्या समोरच सोमेश उभा होता, मानेवर बसवा नावाचा त्याचा माहूत.

"डॉक्टर, सोमेशला मागे घ्या!"

"का? सगळ्यांत शांत तोच, असं तूच लिहिलंस ना?"

"चुकलं माझं. घाबरून गोठलेलं जनावरही हलत नाही. माझ्या प्रोग्रॅमला तो फरक कळत नाही. काल मलाही कळला नाही."

वनजांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग वळून त्यांनी बसवाला हाक मारून हत्ती मागे न्यायला सांगितलं. ऐकताच त्याचा चेहरा उतरला. "पहिली रांग मिळाली म्हणून गावभर सांगितलंय हो मॅडम," तो कन्नडमध्ये म्हणाला. तरी त्याने हत्ती वळवला. मागे झाडाखाली सुमती नावाच्या वयस्क हत्तिणीशेजारी सोमेशच्या पायात साखळी अडकवली.

पहिल्या तोफेला तो खांबासारखा उभा राहिला. दुसऱ्या तोफेला मात्र चीत्कार करून गर्रकन फिरला. साखळी ताणली गेली, शेजारी उभा बसवा धक्क्याने पडला, आणि सोमेशने थरथरत सुमतीच्या कुशीत डोकं खुपसलं. दोरीपलीकडची मुलं टाळ्या पिटू लागली. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. वनजांनी हात वर करून सराव थांबवला.

सिंधूने पाण्याची बाटली उचलली. ती बसवाजवळ गेली. खरचटलेलं कोपर धूत तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "आता याला परत धाडतील."

"त्याच्यासाठी तेच बरं," असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि त्याच्या हातावर पाणी ओतत राहिली.

थोड्या वेळाने वनजा आल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे सिंधूला जास्तच धास्ती वाटली.

"सोमेशचं निभावलं. पण तू आणखी तीन हत्ती शांत म्हणून सांगितलेस. त्यांचं काय?"

"माहीत नाही. उद्याचा सराव थांबवता येईल?"

"विचारून बघते. तू बघायला लाग."

सिंधूने सावलीत बसून लॅपटॉप उघडला. त्या तिघांतला पहिला हत्ती पडद्यावर कान हलवत होता, पण फारच सावकाश. हा निवांत की घाबरलेला, ते ठरेना. तिने चित्रफीत मागे नेली आणि पुन्हा लावली.