लहानाले सोड, मोठ्याले धर

मी एक जुनी जाळी आहे. हसू नका न, मित्रांनो! तुम्ही म्हणाल, जाळीजवळ काय असते सांगण्यासारखं, नुसती भोकं अन् भोकांभोवती दोरा. पण माझ्या या भोकांपायीच तर सगळं झालं! ऐका लवकर लवकर, कारण थोड्या वेळात टिकली अंडं द्यायले बसन, अन् तिले तेव्हा कोणाची बडबड बिलकूल चालत नाही.

टिकली म्हणजे कोंबडी. काळीभोर, अन् कपाळावर पांढरा ठिपका. पण ती मागून येते. पहिले आसारामजी.

आसारामजींची सारी जिंदगी आमच्या गावच्या तलावात मासोळ्या धरण्यात गेली. मले त्यांनी आपल्या हातानं विणलं. तलावाची पाळ, म्हणजे तो मातीचा उंच बांध असते न, त्याच्यावर मोहाच्या झाडाखाली बसायचे, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवायचे, अन् गाठीवर गाठ, गाठीवर गाठ! माझी भोकं त्यांनी मुद्दाम मोठी ठेवली. बाकीचे लोक चिडवायचे, "काय गा आसाराम, यातून तं मांजर जाईन!" आसारामजी मान वर न करता म्हणायचे, "जाऊ दे. लहानाले सोड, मोठ्याले धर. आज पिल्लू सोडलं तं उद्या मासा होईन."

मी हे पहिल्याच दिवशी पाठ केलं. लहानाले सोड, मोठ्याले धर.

अन् दुसरी गोष्ट शिकली ती ढिलं राहायची. पाण्यात जाळं ताणत नाही, मित्रांनो. ताणलेल्या जाळ्याले मासा धडकते अन् पळून जाते. ढिल्या जाळ्यात तो तडफडते, अन् जेवढा तडफडते तेवढा गुंडाळला जाते. मी यात भलती हुशार झाली! एकदा तर असा मोठा कतला मासा अडकला का डोंगा, म्हणजे आमची लहानशी नाव, कलला अन् आसारामजींची टोपी तलावात गेली. टोपी गेली त्याचं काही नाही, कतला सुटला नाही म्हणून ते गावभर सांगत फिरले. "माह्या जाळ्यानं धरला!" हे ऐकून मले असं वाटलं न, का अंगातल्या सगळ्या गाठी फुलल्या.

एकदा मी पाण्याखालच्या खुंटाले अडकली. दुसऱ्या कोणी सुरी काढली असती. आसारामजी गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, एकेक गाठ बोटानं सोडवत. त्यांचं म्हणणंच होतं, "मासा गेला तं गेला, जाळ्याले सुरी लावायची नाही." सगळ्या गावाले हे माहीत होतं.

मंग तुमसरच्या बाजारातून बारीक दोऱ्याचं नवं जाळं आलं. हलकं, चकचकीत. अन् मी गेली गुरांच्या कोठ्यात, आढ्यावर. उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं. खालून बैल जायचे, मले कोणी वर पाहतसुद्धा नव्हतं. त्या दिवसांचं जास्त नाही सांगत. तुम्हीही उदास व्हाल, अन् मले तर आता ज्योत्सनाचं सांगायचं आहे!

ज्योत्सना म्हणजे आसारामजींची सून. काय पोरगी आहे, बाप्पा! गावातल्या बचत गटाच्या बायांनी पाळीखालची जागा भाजीसाठी घेतली होती. त्या जागेले सगळे बाडी म्हणतात. एकेकीले एकेक पट्टा. कोणी वांगे लावले, कोणी सांबार, म्हणजे कोथिंबीर. ज्योत्सना म्हणाली, मी अर्ध्या पट्ट्यात कोंबड्या ठेवीन. घरी अंगण नाही, गल्लीत कुत्रे. अन् स्वतःचं म्हणावं असं तिच्याजवळ काहीच नव्हतं, फक्त माहेरून आणलेली टिकली.

शेजारचा पट्टा केशरबाईंचा. गटात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "ठेव बाई. पण माह्या सांबारात एक जरी कोंबडी उकरताना दिसली न, तं त्याच दिवशी सगळ्या बाडीच्या बाहेर. मंग रडू नको."

"नाही रडत, काकी," ज्योत्सना म्हणाली.

तिनं बांबूच्या चार पायांवर खुराडा उभा केला, जमिनीपासून वर, म्हणजे ओल लागत नाही अन् साप सहज शिरत नाही. आत धानाचा भुसा. ओला झाला का काढायचा, कोरडा टाकायचा. पाण्याचं भांडं रोज घासायचं. खुराड्यापुढं बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण. दिवस कलला का "ती-ती-ती" अशी हाक, टिकली आत, कडी बंद. मुंगूस दोनदा येऊन कडी हुंगून गेलं म्हणे!

टिकलीनं पिल्लं काढली. पण कुंपणाले वरून काहीच नव्हतं. एका सकाळी घार आली, अन् एक पिल्लू घेऊन गेली.

ज्योत्सना कोठ्यात आली, आढ्यावर चढली, अन् मले ओढून काढलं. धूळ, उंदराच्या लेंड्या, सगळं तिच्या तोंडावर! ती शिंकत शिंकत आसारामजींपाशी गेली. "मामाजी, हे जाळं मले देता का?"

"कायले?"

"टिकलीच्या डोक्यावर टांगाले."

आसारामजींनी मले हातात घेतलं. बोटं तीच, मित्रांनो! मी लगेच ओळखलं. "तलावाचं जाळं अन् कोंबडीले?" ते म्हणाले. मंग माझ्या गाठी चाचपत, "थांब, मीच बांधून देतो. तुले जमते का जाळं बांधाले!"

त्यांनी मले किती प्रेमानं बांधलं सांगू! वरून, चारही बाजूंनी, जमिनीपर्यंत. जाळं पाण्यात बुडावं म्हणून खाली लावलेल्या शिशाच्या जुन्या गोळ्या जशाच्या तशा. बांबूचे तट्टे काढून फेकले, "आता हे काय कामाचे!" अन् मले सोडलं मस्त ढिलं, पोट लोंबत असलेलं, तलावात सोडायचे तसं.

ज्योत्सना हळूच म्हणाली, "मामाजी, जरा ताणू का?"

"अवं, जाळं ताणते का कोणी! मले शिकवून राहिली काय?"

तिनं हात मागं घेतला. मलेही वाटलं, बरोबरच आहे, आसारामजींपेक्षा जास्त कोणाले समजते?

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योत्सना विहिरीवर गेली होती. वर घार आली. गोल गोल फिरली, अन् एकदम खाली! टिकलीनं पंख फुलवले अन् पिल्लांच्या वरून उसळी मारली. घार मले पाहून वळली. मी ओरडणारच होती, जिंकलो! पण टिकली माझ्या लोंबत्या पोटात शिरली होती. पंख एका भोकात, मान दुसऱ्या भोकात. तिनं झटका दिला, अन् मी, मित्रांनो, मले दुसरं काही येतच नव्हतं न! जो तडफडीन त्याले गुंडाळायचं, जन्मभर मी एवढंच शिकली. मनातून मी म्हणत होती, नको हलू टिकली, नको हलू. अन् अंगानं तिले आवळत होती.

अन् पिल्लं? घाबरून माझ्याच खालच्या भोकांतून भुर्रकन बाहेर पळाली.

लहानं सुटली, मोठी धरली. जसं शिकवलं होतं, अगदी तसंच.

पहिले केशरबाईंनी पाहिलं. त्या तोंडातला घास टाकून आपल्या वाफ्यातूनच धावत आल्या. "ज्योत्सना वं! धाव! तुह्या कोंबडीले फास बसला!" त्यांनी टिकलीच्या डोक्यावर पदर टाकला. डोळ्यांपुढं अंधार झाला तशी टिकली थोडी शांत झाली. ज्योत्सना आली, बादली कुठं, चप्पल कुठं. गाठी ओढून पाहिल्या, पण त्या आणखीच आवळल्या. तिनं विळा उचलला.

अन् थांबली. कारण पाळीवरून आसारामजी उतरत होते, अन् जाळ्याले सुरी लावायची नाही हे तिलेही माहीत होतं.

आसारामजींनी पाहिलं. टिकलीची चोच उघडी पडली होती. त्यांनी हात पुढं केला. "दे तो विळा अठी."

"मामाजी, तुमचं जाळं..."

"मीनं विणलं, मीच कापतो. तू पाय धर तिचे."

खर्र! एक गाठ. खर्र! दुसरी. दुखलं का म्हणता? दुखलं. पण टिकलीची मान मोकळी झाली न, तेव्हा एवढं हलकं मले तलावातही कधी वाटलं नव्हतं. ती पडून राहिली, आम्ही सगळे पाहत राहिलो, मंग तिनं अंग झाडलं अन् रागानं आसारामजींच्या अंगठ्याले टोचलं!

सगळे हसले. अन् तेवढ्यात बाजूनं आवाज आला, चिव चिव चिव. केशरबाईंच्या सांबारातून. कोवळा, नुकता वर आलेला सांबार, अन् पिल्लं त्यात मजेत उकरून राहिली होती.

ज्योत्सनाचा चेहराच उतरला. तिनं एकेक पिल्लू उचलून पदराच्या ओटीत घेतलं अन् खुराड्याचे दोर सोडायले लागली.

"काय करून राहिली वं?" केशरबाई म्हणाल्या.

"घेऊन जाते, काकी. बोलल्या होत्या न तुम्ही."

केशरबाई आपल्या वाफ्यापाशी गेल्या. वाकल्या. लय वेळ पाहिलं. "कोणत्या कोंबडीनं उकरलं? मले तं माह्याच पायाचे ठसे दिसून राहिले. केवढे पाय माहे, बाप्पा! हत्तीण गेल्यासारखी गेली मी यातून."

"पण काकी, पिल्लं..."

"चूप बस. एवढुशे पाय पाहाले मले चष्मा लागते, अन् चष्मा घरी आहे." मंग त्या वळल्या. "अन् तुम्ही जी, आसारामजी! कोंबडी काय पोहते, का तलावासारखं बांधलं?"

आसारामजींनी डोकं खाजवलं. अंगठ्याकडं पाहिलं. मंग सुनेकडं. "ही म्हणत होती ताण म्हणून," ते म्हणाले. "सांग बापा आता. कसं बांधू?"

ज्योत्सना सांगत गेली अन् आसारामजी बांधत गेले! खाली बांबूचे तट्टे परत, हातभर मातीत गाडून, म्हणजे मुंगूस उकरून येत नाही अन् पिल्लू बाहेर जात नाही. मी फक्त वर, छपरासारखी. अन् ताणली, अशी ताणली का मले वाटलं आता फाटते! कापलेल्या जागी आसारामजींनी निळा दोरा घातला, त्यांच्यापाशी तोच होता. बारीक बारीक भोकं विणली तिथं. मी पहिल्यांदाच त्यांना बारीक विणताना पाहिलं.

घार पुन्हा आली, येणारच. धाडकन माझ्यावर आपटली, अन् मी तिले खाटेच्या नवारीसारखी वर उडवून दिली! धरलं नाही, सोडलंही नाही, उडवलं! ती अशी चिडून गेली का काय सांगू. खाली टिकलीनं मानसुद्धा वर केली नाही.

आता ती पिल्लं मोठी झाली. केशरबाई सांबार देतात, अंडे नेतात, अन् मले पाहून म्हणतात, "ताठ आहे न वं अजून?"

मित्रांनो, तुमच्या घरीही आढ्यावर माझ्यासारखं कोणी पडलं असन. फेकू नका. पण तसंच नेऊन बांधूही नका. ज्याच्यासाठी बांधता त्याचे पंख पाहा, पिल्लं पाहा, अन् मंग बांधा. अन् बांधलं का विसरून जाऊ नका, कारण ऊन लागलं का मी रोज थोडी थोडी ढिली होतेच, ती माझी जुनी सवय.

म्हणून तर आसारामजी रोज येतात. ते येऊनच राहिले, पाहा! आधी माझ्या निळ्या जागेवर बोट ठेवतात, दाबून पाहतात, अन् हाक मारतात, "ज्योत्सना, पाह्य वं, पुरलं का एवढं ताणलेलं?"

चला, आता चूप. टिकली बसली.