निळ्या फरशीचं शेततळं

माझे पहिले चार-पाच मीटर पांढुरके झाले आहेत. बोटांच्या घामाने आणि भिंतींच्या चुन्याने तिथले आकडे पुसट झाले आहेत. टोकाची कडी तुटली होती, ती तारेने बांधली आहे. पण मला पुढे ओढत गेलात, तर रंग हळूहळू परत येतो. अगदी शेवटचा भाग इतका पिवळाधमक आहे, की कालच दुकानातून आणल्यासारखा वाटावा.

मित्रांनो, मी मोजमापाची एक जुनी टेप आहे. पनवेल तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी, आपटा गावाच्या अलीकडे असलेल्या एका खेड्याच्या ग्रामपंचायतीत मी राहते. काचेच्या धाग्यांवर पिवळा लेप चढवून मला घडवलं, अंगावर रेघा छापल्या आणि लाल डबीत गुंडाळलं. शिपाई विठूने मला पनवेलच्या बाजारातून आणलं. घरं मोजायची आणि त्यावरून घरपट्टी ठरवायची, हे माझं काम. लोक म्हणत, "माणूस खोटं बोलेल, टेप नाय बोलायची." ते ऐकून मला फार अभिमान वाटे.

पहिल्याच वर्षी आम्ही गावातल्या एका शेतकऱ्याचं, दाजींचं, घर मोजलं. तेव्हा ते दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. विठूने मला पडवीला लावलं, तसे दाजी ओरडले, "पडवी कशाला मोजतोस? गरिबाची पडवी म्हंजे काय महाल हाय?" विठूने मान खाली घातली आणि पडवी मोजली.

मग मोठा रस्ता आला आणि जमिनीला भाव आला. दाजींनी आपल्या जमिनीवर बंगले बांधून मुंबईच्या लोकांना विकले आणि स्वतःसाठी तीन मजली बंगला उभारला. विठू मला घेऊन तिथे गेला खरा, पण मी त्याच्या पिशवीतून बाहेर आलेच नाही. व्हरांड्यात चहा आला. दाजी सांगत गेले, विठू लिहीत गेला. मागे निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव होता. त्यात उतरायला स्टीलची शिडी होती.

"ते शेततळं हाय," दाजी म्हणाले. "शेततळ्याला पट्टी नसते. लिही."

विठूने लिहिलं. पुढे बाकीच्या बंगल्यांनीही तसंच लिहून घेतलं. आमच्या गावात आता शेतं फारशी उरलेली नाहीत, शेततळी मात्र दरवर्षी वाढतात.

त्याच आठवड्यात विठूने मला वेणूच्या घरी नेलं. वेणू भाजी विकते. तिचं घर एका खोलीचं आहे. चूल पावसात भिजू नये म्हणून तिने बाहेर पत्रा टाकला होता. तो पत्रा मी इंचाइंचाने मोजला. पत्रा बांधकामात धरला गेला, तिची घरपट्टी वाढली आणि थकत गेली. माझ्या आकड्यात चूक नव्हती, मित्रांनो. मला तेच बोचतं.

गेली दोन वर्षं वेणू दर ग्रामसभेत एकच मागणी करते: सगळ्या इमारती पुन्हा मोजा आणि मोठ्या बांधकामांना कायद्यात बसेल तो वरचा दर लावा. सरपंच आहेत भाविका, दाजींच्या सूनबाई. सभेत दाजी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. ते पुटपुटतात आणि भाविका मोठ्याने म्हणतात, "पुढच्या सभेत बघू."

मधल्या काळात मी कपाटात पडून होते. अंगावरचा चिखलही कोणी पुसला नाही. एका दुपारी कचेरीत कोणी नसताना भाविका आल्या. त्यांनी मला काढलं आणि जमिनीवर शेवटपर्यंत उलगडलं. आधी पांढुरक्या भागावरून बोट फिरवलं, मग पिवळ्या भागावरून. एका खोलीच्या भिंतीला जेवढी टेप लागते, तेवढीच झिजली होती. मग त्यांनी मला पुसून ठेवलं.

परवा वेणूला नोटीस आली. सोमवारपर्यंत थकबाकी भरा, नाहीतर नळ तोडू. तिच्या दारातलं पाणी बंद होणार होतं. काल ग्रामसभा भरली. भाविकांनी मला कपाटातून आणून टेबलावर ठेवलं होतं. वेणू नोटीस हातात घेऊनच उभी राहिली.

पहिले बोलले कुमार साहेब. ते मुंबईचे, नदीकाठच्या बंगल्याचे मालक. "श्रीमंत असणं हा गुन्हा आहे का? आमचे माळी, वॉचमन सगळे इथलेच आहेत. तुम्ही गावात वर्गयुद्ध लावताय."

"युद्ध कसला, साहेब?" वेणू म्हणाली. "तुमच्याकडं तलाव हाय, माज्याकडं हंडा हाय. हंड्यानं कोन लढतंय?"

दाजी उठले. "दर सगळ्यांना सारखा पायजे. न्याय त्यालाच म्हनतात."

"दर सारखाच हाय, दाजी. टेप सारखी लागत नाय. माज्या चुलीवरचा पत्रा म्हंजे घर, नि तुमचा तलाव म्हंजे शेत. त्या शेतात काय पिकतं, तेवढं तरी सांगा!"

"टॉवेल पिकतात!" मागून कोणीतरी ओरडलं. सभा हसली.

वेणू हसली नाही. "तुमची पडवी मोजली तवा तुमी किती बोंबललात, ते आमी आयकलंय. तवा तुमी गरीब होतात. आमी अजून हाव."

दाजींचा चेहरा उतरला. ते खाली बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, पुढच्या सभेत."

मित्रांनो, तुमच्या हाती कधी टेप आली, तर तिचा पहिला भाग झिजला म्हणून तिला टाकून देऊ नका. ती कुठे झिजली आहे ते बघा. आणि ज्या दारात चहा मिळतो, तिथेही तिला पिशवीतून बाहेर काढा. आमचं आयुष्य वाया जातं ते झिजेने किंवा चिखलाने नाही, अशा चहाने जातं.

भाविकांनी पदर सावरला. मला टेबलावरून उचललं आणि विठूसमोर धरलं. दाजी पुन्हा काहीतरी पुटपुटले. या वेळी भाविकांनी तिकडे पाहिलं नाही.

"वेणूताईंचा नळ तोडायचा नाही," त्या म्हणाल्या. "विठूदादा, ही टेप घ्या. सगळं गाव पुन्हा मोजायचं, मोठ्या बांधकामांना वरचा दर लावायचा. आणि सुरुवात आमच्या घरापासून करा, मागच्या तलावासकट."