कोऱ्या पानावरचा बगळा

मित्रांनो, माझी लाकडी मूठ झिजली आहे आणि रबराला तडा गेला आहे, तरी मी अजून कामावर आहे. मी एक जुना शिक्का आहे. टोकियोच्या खाडीकाठी एक फार जुनी बाग आहे. भरती आली की तिच्या तळ्यात समुद्राचे पाणी शिरते. तिथल्या विश्रांतीगृहात एका टेबलावर मी असतो. माझ्यावर एक वाकडे झाड, तळे आणि बगळा कोरला आहे. या देशात माणसे फिरायला गेली की तिथला शिक्का आपल्या वहीत उठवून घेतात.

मला एका वयस्कर कारागिराने घडवले. बगळ्याचा पाय त्याने तीनदा कोरला. पहिली काही वर्षे माझ्यासमोर रांग लागायची. मुले मला दणादण आपटायची. दुखायचे, पण बरेही वाटायचे. आता लोक फोनवर फोटो काढतात आणि जातात. काही दिवस तर माझ्या शाईची डबी कोणी उघडतही नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जयमालाबाई आल्या. सोबत त्यांचे यजमान गुणवंतराव होते. ते मुंबईच्या बँकेतून निवृत्त झालेले. दोघे टोकियोजवळच्या उरायासुला मुलाकडे राहत होते. बाईंच्या वहीत अकरा बागांचे शिक्के होते आणि माझ्यासाठी एक पान कोरे होते. नेमकी त्या दिवशी शाळेची सहल आलेली. बाई मुलांच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या.

"अगं, चल. गाडी चुकेल."

"पाचच मिनिटं हो."

"शिक्केच बघायचे होते तर माझ्या ब्रँचला यायचंस. पोत्यानं दाखवले असते. पुढच्या रविवारी येऊ."

बाई हसल्या आणि रांगेतून बाहेर पडल्या. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाही.

गेल्या आठवड्यात गुणवंतराव आले. या वेळी सोबत सून केतकी होती. हातात तीच वही होती. त्यांच्या बोलण्यातून मला कळले की जयमालाबाई त्याच जूनमध्ये वारल्या.

"बाबा, मी मारू का? तुमचा हात जड आहे."

"नको. इथून तिला ओढून मीच नेलं होतं."

त्यांनी आधी माहितीपत्रकाच्या मागे चार वेळा सराव केला. मग वही उघडली. तीस वर्षे त्या हाताने बँकेत धपाधप शिक्के मारले होते. त्यांनी मला अलगद टेकवले, दाबले, उचलले. तडा असूनही बगळ्याचा पाय स्वच्छ उठला. इतका चांगला मी कित्येक महिन्यांत उमटलो नव्हतो.

काउंटरवरच्या मोरी-सान बाई लगबगीने आल्या आणि त्यांनी पातळ कागदाचा एक तुकडा पुढे केला. तो ओल्या शाईवर ठेवायचा असतो. गुणवंतरावांना वाटले, पावती आहे. त्यांनी वाकून आभार मानले, पावतीची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि वही मिटली.

"अहो बाबा, शाई ओली आहे!" बाटलीत पाणी भरत असलेली केतकी ओरडली.

वही उघडली तेव्हा माझा बगळा समोरच्या पानावरही उलटा उमटला होता. त्या पानावर बाईंनी स्वतः उठवलेला सेंदाई शहरातल्या बागेचा शिक्का होता. गुणवंतरावांनी घाईघाईने रुमालाने पुसले. शाई आणखी पसरली.

"चोळू नका, बाबा. राहू द्या."

"तिचं होतं तेही घालवलं मी."

"आई असत्या तर चांगल्या रागावल्या असत्या तुमच्यावर."

"नाही गं. हसली असती आणि चालू लागली असती, त्या दिवसासारखीच. तेच तर."

केतकीने माझ्या डबीचे झाकण लावले. गुणवंतराव शाई वाळेपर्यंत बाकावर बसून राहिले. वही मांडीवर उघडी होती.

मित्रांनो, एकदा उमटलो की माझ्या हाती काही उरत नाही. मला आपटू नका, डबीचे झाकण लावा, हे मी सांगणारच. शाई वाळेपर्यंत वही मिटू नका, हेही सांगतो. पण तुमच्या सोबतचे कोणी रांगेत उभे असेल, तर त्याला हाक मारू नका. त्याचा नंबर येईपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहा.