तांबड्या धाग्याखालचे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे, आणि मी सहसा कोणावर विश्वास ठेवत नाही.

छागल म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. जाड कॅनव्हासच्या कापडाची ही पाण्याची पिशवी. वर तोंड, तोंडाला लाकडी बूच आणि टांगायला दोरी. घरोघरी फ्रीज नव्हते तेव्हा आम्ही ट्रकच्या आणि जीपच्या पुढे लटकत असू. माझ्या कापडातून पाणी हळूहळू झिरपते, वारा ते वाळवतो आणि आतले पाणी गार होते. म्हणजे माझ्यात दोन लिटर भरलेत तर दोन लिटर परत मिळणार नाहीत. गारव्याच्या बदल्यात थोडे पाणी मी घेतेच. हा माझा दोष म्हणा किंवा माझे काम म्हणा.

मला शिवले ते गेनबांनी, रविवार पेठेतल्या ताडपत्रीच्या एका दुकानात. नवी छागल आधी गळते. एक दिवस आणि एक रात्र पाण्यात भिजली की सूत फुगते आणि भोके बुजतात. गेनबा प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत, "हिला कोरडी ठेवू नका. कोरडी पडली की भरवसा गेला."

मला विकत घेतले एका ट्रक ड्रायव्हरने. सोलापूर रस्त्यावर मी त्याच्याबरोबर एकोणीस वर्षे फिरले. संशयाची सवय मला तिथे लागली. ट्रक थांबला की कोणीही यायचे, मला उचलायचे, घटाघटा प्यायचे आणि "मी नाही हो, घोटभरच घेतलं" असे सांगायचे. मी मात्र माझे वजन ओळखून असायची. जवळ आलेल्या माणसाचे मी आधी ओठ बघते. सुकलेले ओठ खोटे बोलत नाहीत.

ड्रायव्हर गेला आणि मी त्याच्या मुलीकडे, कुसुमबाईंकडे, कोथरूडला आले. कुसुमबाई शाळेत भूगोल शिकवत. त्यांचे यजमान उत्तरेश्वर. ते धाराशिवकडून नोकरीसाठी पुण्यात आलेले, कारखान्यात लेथवर काम करत. बाई बोलत आणि ते ऐकत. त्यांचे बरे चालले होते.

दर रविवारी दोघे मला घेऊन वेताळ टेकडीवर जात. पहिल्याच रविवारी चढ संपायच्या आत उत्तरेश्वरांनी मला रिकामे केले. घरी येताच बाईंनी सुई काढली आणि माझ्या पोटावर, बरोबर मध्यावर, तांबड्या धाग्याची एक आडवी ओळ घातली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "धाग्याच्या वरचं तुमचं, खालचं माझं. माझ्या पाण्याला हात लावलात तर पुढच्या रविवारी एकटे जा."

बावीस वर्षे उत्तरेश्वरांनी तो नियम पाळला. खरे तर त्याहून जास्त पाळला. मी झिरपते, त्यामुळे बाईंना कमी मिळते, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हापासून ते धाग्याच्या दोन बोटे वरच थांबत. झिरपायचे ते त्यांच्या वाट्यातून झिरपायचे. हे त्यांनी बाईंना कधी सांगितले नाही. मला कळले, कारण मी वजन ओळखते.

बाईंनी वर्गात वाळवंट शिकवले सत्तावीस वर्षे, पण पाहिले नव्हते एकदाही. "निवृत्त झाले की आपण जाऊ," त्या म्हणायच्या. "चार दिवस चालायचं. आणि मे महिन्यात."

"मेमध्ये? लोक थंडीत जातात."

"थंडीतलं वाळवंट म्हणजे सुट्टी लागलेली शाळा. त्यात बघायचं काय?"

निवृत्तीला एक वर्ष उरले असताना, श्रावणात, आठ दिवसांच्या तापात बाई गेल्या.

त्यानंतर मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकत राहिले. दोन उन्हाळे गेले, माझ्यात पाण्याचा थेंब पडला नाही. कापड कडक झाले, घडीवर चिरत आले. उत्तरेश्वर रोज सकाळी चहा करत, दोन कप काढत, एक परत ठेवत. मी दारामागून बघत असे.

मग या वर्षी एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांनी मला खाली काढले आणि बादलीत बुडवले. मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात पहिला विचार आला, हा माणूस आत्ताच का आला?

दुसऱ्या दिवशी ते मला भरून बाहेर पडले. दुपारी एक वाजता. त्या वेळी कोथरूडमध्ये दुकानांची शटरे खाली असतात आणि कुत्रीसुद्धा स्कूटरखाली झोपलेली असतात. खालच्या मजल्यावरचे सुदर्शन गॅलरीतून बघत होते.

"काय उत्तरेश्वरराव, एक ते चार आम्ही झोपतो. तुम्हाला कोणी घराबाहेर काढलं?"

"सराव करतोय. वाळवंटात चालायला जायचंय."

"असं? मग आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच चाला की. झाड एकही ठेवलं नाहीये."

उत्तरेश्वर हसले नाहीत. टेकडीवर भर उन्हात ते दोन तास चालले. घरी आले तेव्हा त्यांचे ओठ फुटले होते आणि माझ्यात अर्धे पाणी तसेच होते. त्यांनी मला खिळ्याला टांगले आणि नळाचे पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. खांद्यावर पाणी असताना तहानेने कोरडा पडणारा माणूस मी ट्रकवरच्या एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता. मला वाटले, हा चालण्याचा सराव नाही. हा तहानेचा सराव आहे.

मग मी बारीक नजर ठेवू लागले. त्यांनी पेपर बंद केला. बाईंच्या मोगऱ्याच्या कुंड्या सुदर्शनांच्या गॅलरीत नेऊन ठेवल्या. बँकेचे आणि घराचे कागद एका फायलीत घातले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'नम्रता'. नम्रता त्यांची मुलगी, हिंजवडीला नोकरी करते.

ती शनिवारी आली. फाईल तिला दिसली. ती बापासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, जोधपूरच्या गाडीचं तिकीट काढलंत ना? परतीचं दाखवा."

"वेटिंगवर आहे."

"किती?"

"होईल गं कन्फर्म."

"बाबा, मला खरं सांगा. तुम्ही मे महिन्यात एकटे तिकडे का चाललायत?"

"तुझ्या आईला जायचं होतं."

"आईला जायचं होतं, ते तुम्हाला घेऊन. आणि परत यायचं होतं."

नम्रताचा आणि माझा संशय एकच होता. पण ती विचारू शकत होती, मी नाही. शेवटी तिने एवढेच कबूल करून घेतले की रोज संध्याकाळी एक फोन करायचा. जाताना तिने मला दारामागून काढले, नीट निरखले आणि हळूच म्हणाली, "तू तरी लक्ष ठेव." गंमत म्हणून म्हणाली असेल. मी मात्र ते मनावर घेतले.

वाळवंटाबद्दल काय सांगू? बाई वर्गात सांगायच्या तशा वाळूच्या लाटा होत्या, पण थोड्याच. बाकी कडक जमीन, खुरटी झुडपे आणि मैलभर अंतरावर एखादे खेजडीचे झाड. बरोबर भैरूराम नावाचा तिथला वाटाड्या आणि त्याचा उंट. पाण्याचे मोठे कॅन उंटावर, मी उत्तरेश्वरांच्या खांद्यावर. पहाटे चारला निघायचे, नऊला सावलीत बसायचे, पुन्हा संध्याकाळी चालायचे. चार दिवसांत पंचाहत्तर किलोमीटर. प्रत्येक मुक्कामाला भैरूराम मला काठोकाठ भरायचा आणि मी अर्धी भरलेली परत आली की भुवया उंचावायचा. त्यालाही संशय आला होता, असे मला वाटते.

पहिले दोन दिवस पार पडले. फोनही झाले. तिसऱ्या सकाळी उंटाच्या पायात काटा रुतला. भैरूरामने लांबचे एक झाड दाखवले. "बाबूजी, आप उस पेड़ के नीचे बैठो. मैं काँटा निकालके आता हूँ. वहाँ से हिलना नहीं."

झाडापाशी पोचायला आठ वाजले. उत्तरेश्वर माझ्यातले पाणी प्यायले, तांबड्या धाग्याच्या दोन बोटे वर थांबले आणि मला फांदीला टांगले. मग बसले. नऊ वाजले. दहा वाजले. लू सुटली. तो वारा भट्टीसमोर उभे राहिल्यासारखा अंगावर येतो. अकराला त्यांचा घाम थांबला. साडेअकराला ते स्वतःशी पुटपुटू लागले. मी त्यांच्या डोक्यावर दीड हातावर लटकत होते. हात वर केला असता तरी पुरले असते.

मला ओरडता येत असते तर मी ओरडले असते. मला फक्त झिरपता येते. मी झिरपत होते.

बाराच्या सुमारास भैरूराम धावत आला. काटा खोल होता, त्याला उशीर झाला होता. त्याने उत्तरेश्वरांचा चेहरा पाहिला, मग मला पाहिले.

"अरे बाबूजी! पानी लटक रहा है, पिया क्यों नहीं?"

उत्तरेश्वरांनी डोळे उघडले. त्यांची जीभ जड झाली होती. पुणेरी हिंदीत ते म्हणाले, "वो मेरा नहीं है. मेरे मिसेस का है. आधा मेरा था, वो मैं पी गया."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझी चूक कळली. टेकडीवरची ती भर दुपार, फुटलेले ओठ, अर्धी परत येणारी मी. हा मरायचा सराव नव्हता. हा बाईंचा वाटा होता. माझ्या पोटावर तो धागा इतकी वर्षे आहे, आणि मलाच तो दिसला नाही.

भैरूरामने इकडेतिकडे पाहिले. तिथे तिसरे कोणी नव्हते. तो समजला असावा. त्याने वाद घातला नाही. मला फांदीवरून काढले, पाणी कुठवर आहे ते बोटांनी माझे पोट वरून खाली दाबत पाहिले आणि मला उत्तरेश्वरांच्या मांडीवर ठेवले.

"देखो. हाथ लगाके देखो."

उत्तरेश्वरांनी चाचपले. तांबडा धागा खडखडीत कोरडा होता. पाणी त्याच्या चार बोटे खाली गेले होते.

"किसके लिए रखा है?" भैरूराम म्हणाला. "ये तो हवा पी रही है."

दोन बोटांचा हिशेब पुण्याच्या वाऱ्याचा होता. इथला वारा तेवढ्याने ऐकणारा नव्हता. उत्तरेश्वर धाग्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांच्या तोंडून अगदी हळू शब्द आले, "कुसुम रागावेल. वाया घालवलं मी तिचं पाणी."

"तो जो बचा है, वो मत घालवो," भैरूराम म्हणाला. मराठी शब्द त्याने तीन दिवसांत उचलला होता.

त्यांनी बूच काढले आणि धाग्याखालचे पाणी प्यायले. लहान लहान घोट घेत, बराच वेळ, मध्ये मध्ये थांबून. ते रडत होते, पण अंगात पाणीच नव्हते, त्यामुळे डोळे कोरडेच राहिले. मी रिकामी झाले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून दुसऱ्यांदा.

चालणे तिथेच संपले. जवळच्या वस्तीवरून जीप आली, गावातल्या दवाखान्यात एक रात्र सलाईन लागले. पंचाहत्तरपैकी सत्तेचाळीस किलोमीटर झाले होते. नम्रता दुसऱ्या दिवशी तिथे पोचली. बापाला बघून तिने फक्त विचारले, "वेटिंगचं काय झालं?"

"खरं सांगू? काढलंच नव्हतं," उत्तरेश्वर म्हणाले. "पुढचं काही सुचतच नव्हतं. आता तूच काढ. दोन काढ."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता, मित्रांनो. त्या माणसाने मरायचे ठरवले नव्हते, पण परत यायचेही ठरवले नव्हते. अशी अधांतरी माणसे बरीच असतात. ती चहा करतात, फिरायला जातात, विचारले तर "होईल" म्हणतात. त्यांच्यावर नुसती नजर ठेवून भागत नाही. मी महिनाभर नजर ठेवली, काय उपयोग झाला? भैरूरामने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले.

हल्ली आम्ही रविवारी पुन्हा टेकडीवर जातो, पण सकाळी सहाला. सुदर्शन बरोबर असतात. मोगरा परत आणताना उत्तरेश्वरांनीच त्यांना विचारले होते. धागा त्यांनी उसवला नाही. अर्ध्या चढावर पाणी पितात, दोन बोटे वर थांबतात आणि मला पुढे करतात. "धाग्याखालचं तुमचं."

"कापडाचा वास येतो हो," सुदर्शन दर रविवारी म्हणतात आणि शेवटच्या थेंबापर्यंत पितात.

तुमच्या घरी माझ्यासारखे काही जुने दारामागे लटकत असेल तर ते आधी भिजवा, मगच वापरा. कोरडे ठेवू नका. आणि गेलेल्या माणसाचा वाटा काढून ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, फक्त तो वाऱ्याला देऊ नका. शेजारी तहानलेला कोणीतरी असतोच.

मी अजून संशयी आहे. रविवारी घरी आल्यावर उत्तरेश्वर मला खिळ्याला टांगतात, तेव्हा मी आधी माझे वजन पाहते, मग त्यांचे ओठ. परवा दोन्ही ठीक होते.