अनुसयाबाईची बढती

अनुसयाबाईनं देवकाबाईची गड्डी उचलली, दोन विड्या चिमटीत दाबून पाहिल्या आणि न बोलता परत सरकवली. देवकाबाईही न बोलता घेऊन गेली. पूर्वी एवढ्यावरून दोघी तासभर भांडल्या असत्या, आणि काय मजा आली असती!

मुन्नालालशेठच्या विडी कारखान्यात तिला तपासणीला बसवून तीन महिने झाले होते. पानं कातरायची नाहीत, तंबाखूनं शिंकायचं नाही. उंच तख्तावर बसून बायकांच्या विड्या तेवढ्या पास-नापास करायच्या. नवरा बकाराम थेट पलीकडच्या नागरा गावापर्यंत मिरवून आला. पण खाली बायकांचा गोल गप्पिष्ट शामकलेभोवती खिदळायचा, आणि अनुसयाबाईनं मान वळवली की चिडीचूप. कोणाची सून रुसली, कोणाचं लग्न मोडलं, तिला काही म्हणता काही कळेना. बाई त्यानं वाळत चालली होती.

"शेठजी, मले खाली बसवा," ती म्हणाली.

शेठला वाटलं, लाकूड टोचत असेल. त्यांनी गादी दिली. पुन्हा म्हणाली, तर दुपारचा चहा सुरू केला.

"और क्या चाहिए, बाई?"

आता या भल्या माणसाला काय सांगणार, डोंबल!

शेवटी तिनं सगळ्यांच्याच गड्ड्या डोळे मिटून पास करायला सुरुवात केली. आठव्या दिवशी शेठनं त्यातली एक विडी पेटवायला घेतली, ती हातातच उलगडली.

"कल से नीचे बैठो!"

अनुसयाबाईनं चेहरा पाडला, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गोलात जागा धरली. बायका आल्या, सुपं मांडीवर घेतली. शामकला मात्र आली ती सरळ तख्तावर चढली. शेठनं आता तिला नेमलं होतं.

गोल मुका झाला. अनुसयाबाईला रडूच कोसळायचं बाकी होतं. तिची पहिली गड्डी वर गेली, तोच शामकलेची हाक आली.

"अनुसया, कच्च्या आहेत! इकडं ये, दाखवतो."

"माह्या विड्या कच्च्या? काऊन वं?" ती तणतणत गेली.

शामकलेनं विडी डोळ्यांशी धरली आणि हळूच म्हणाली, "इथून शेठचं आंगण दिसते. शेठाणीनं आत्ताच त्याईले कान धरून आंघोळीले नेलं. तीन महिने काय पाहून राहिली होती वं तू?"

त्या दिवशी अनुसयाबाईच्या आणखी चार गड्ड्या कच्च्या निघाल्या, आणि दर वेळी ती तख्तापासून खिदळत परतली. नापास गड्डीची मजुरी मिळत नसे, पण तिची तक्रार नव्हती.

संध्याकाळी देवकाबाई भांडायला तख्तापाशी गेली. तिची एकही गड्डी परत आली नव्हती.